खोकला कुणाच्या घरचा

धोंडुबाई वरशाहून, धाकट्या मुलाकडून, परत आली, की थोरली सून रंभा तिच्या तोंडाकडे आधी बघत नसे; कान देत असे. म्हातारी रिक्षातून उतरायची, पाय धुवायची, देवाला हात जोडायची, आतल्या खोलीत आपल्या खाटेवर टेकायची. तोवर सगळं गप्प. मग थोड्या वेळानं पहिला खोकला यायचा. बारीक, कोरडा, सुक्या पेंढ्यावरून कुणी पाय घासत गेल्यासारखा.

"आला," रंभा मनात म्हणायची. "माझ्याच घरी आला."

धोंडुबाईला दोन मुलगे. थोरला कमळाकर, त्याचा पेणजवळच्या जोह्यात गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. रंभा त्याची बायको. धाकटा दिनानाथ रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी, तिथंच जवळ वरशाला दुसऱ्या मजल्यावर घर. त्याची बायको अनिता. म्हातारीचं बिऱ्हाड जोह्यालाच. पण गेल्या वर्षी हा खोकला लागला आणि दिनानाथ तिला मधून मधून हवापालटाला न्यायला लागला. एकदा तिला परत सोडायला आला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन मोठ्या कौतुकानं म्हणाला, "वैनी, आमच्याकडं आई एकदा पन खोकली नाय. अनिताला इचार."

बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. ऐकणारीच्या घशात मात्र माशाचा काटा अडकावा तसं ते वाक्य अडकलं. भाताचा घास गिळला तरी काटा खाली जात नाही, तसं.

काय कमी केलं होतं रंभानं? सकाळी अडुळशाचा रस मधातून. दुपारी ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली. रात्री हळद घालून दूध. दही बंद, केळं बंद, कालवणात चिंच नाही, आमसूल नाही. म्हातारी ताटाकडे बघून तोंड वाकडं करायची. "रंभे, ह्ये कालवन हाय का औषीद?" म्हणायची, पण मुकाट जेवायची. आणि तिकडे वरशाला? तिकडे अनिता तिला वाटीभर दही वाढायची. वर साखर. दही खाऊन ती बाई खोकत नव्हती!

कारखान्यात मूर्ती घासायला येणारी सरू हे सगळं जाणून होती. प्लास्टरच्या धुळीनं पांढऱ्याधोट झालेल्या हातांनी पॉलिश पेपर फिरवता फिरवता ती एकदा म्हणाली, "खोकला पन शाना हाय गो रंभा. सुना वळखतो. धाकलीकडं गेला का गप बसतो."

"तू गणपतीचं पोट घास," रंभा म्हणाली. "माझं नको."

सरू खुदकन हसली. रंभा हसली नाही.

रंभाची आई ती चालायला लागायच्या आधीच गेलेली. गडबला मामाच्या घरी ती वाढली, आणि एकोणिसाव्या वर्षी जोह्याला आली ती सासूच्या नव्हे, आईच्या हातात पडली. लग्नाच्या पहिल्या वर्षी धोंडुबाईनं तिच्या केसांना तेल लावलं तेव्हा रंभा इतकी रडली की म्हातारी घाबरली. "दुखलं का गो?" म्हणाली. असं दुखणं असतं हे तिला कसं सांगायचं? तेव्हापासून ती आई. अनितेला तिची आई होती, नागोठण्याला, धडधाकट, फोनवर रोज बोलणारी. मग हिला आणखी एक कशाला हवी? रंभाच्या मनातला प्रश्न एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

दोघींचा दिवस ओव्यांवर चालायचा. रंभा मूर्तींचे डोळे आखायची. कारखान्यात ते काम तिचंच. म्हातारी खाटेवरून ओवी म्हणायची. घर आणि कारखाना यांच्यामधली भिंत नडत होती म्हणून रंभानंच कमळाकरच्या मागे लागून त्या भिंतीला खिडकी पाडून घेतली होती. खिडकीच्या अलीकडे म्हातारीची खाट, पलीकडे रंभाचं पाटावरचं बसणं. ब्रश बुबुळावरून वळे आणि ओवी खिडकीतून वाहत येई:

*देव बसला आंधळा, पांढऱ्या धुळीत गो*
*रंभाबाय माझी, डोलं देते ओलीत गो*

ओवीची पहिली ओळ कुणी फार ऐकत नाही. ती नुसती वाट असते, यमक जुळवायला टाकलेली. बाया थांबतात त्या दुसऱ्या ओळीसाठी, कारण नाव तिथं येतं. कुणाचं नाव गुंफलं, कुणाला 'माझी' म्हटलं, हे बघायचं असतं. ज्या दिवशी 'रंभाबाय माझी' कानावर पडे, त्या दिवशी रंभाच्या हातून डोळे असे उतरत की गिऱ्हाईक मूर्तीसमोरून हलत नसे.

पण आता ओवी पहिल्या ओळीवरच तुटायला लागली. 'देव बसला आंधळा' म्हटलं की ठसका. नाव यायच्या आधीच श्वास संपायचा. रंभा ब्रश वर धरून थांबून राहायची. नाव यायचं नाही.

तिनं दृष्टही काढून बघितली. म्हातारी वरशाहून आली त्याच संध्याकाळी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या तिच्यावरून उतरून निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर समजायचं दृष्ट होती, ठसका आला तर नव्हती, अशी रीत. मिरच्या तडतडल्या, आणि म्हातारीला असा ठसका लागला की कमळाकर हातातला साचा टाकून धावत आला. म्हणजे दृष्ट नव्हती. म्हणजे अनिता सुटली. रंभाला ते आवडलं नाही. तिनं आणखी दोन मिरच्या टाकल्या.

"अगो, मारतीस का काय म्हातारीला?" कमळाकरनं निखाऱ्याचं घमेलं उचलून अंगणात नेलं. "उद्या पेणला डॉक्टरकडं घेऊन जा."

पेणच्या दवाखान्यात डॉक्टर नमिता नावाची तरुण बाई होती. तिनं छाती ऐकली, फोटो काढायला लावला, थुंकी तपासायला पाठवली. दोन दिवसांनी सगळे कागद समोर ठेवून म्हणाली, "आजी, टीबी नाही. छातीत पाणी नाही. हे चांगलं झालं. पण मग खोकला कशाचा, ते आता शोधायचं."

"म्हातारपनाचा," धोंडुबाई म्हणाली.

"म्हातारपणाला आवाज नसतो, आजी." डॉक्टर हसली. "खोकला म्हणजे दारातला कुत्रा. कुणीतरी आत शिरतंय म्हणून भुंकतो. मी औषध देऊन त्याला झोपवीन, पण शिरणारा शिरतच राहील. कोण शिरतंय ते तुम्ही मला सांगायचं. जेवल्यावर, आडवं झाल्यावर खोकला वाढतो का? घशाशी आंबट येतं?"

"दही खाल्लं तर आंबट येईल ना," म्हातारीनं सुनेकडे बघून डोळे मिचकावले.

"नाक चोंदतं? घशात काही उतरल्यासारखं वाटतं? ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का? काही गोळ्यांनीसुद्धा असा कोरडा खोकला येतो."

गोळी नव्हती. नाक स्वच्छ होतं. चूल नव्हती, गॅस होता.

"जोह्याच्या ना तुम्ही? कारखान्यात बसता का?"

"मी कशाला बसू? मी आपली घरात, खाटेवर."

डॉक्टरनं पेन टेकवलं. "बरं. मग एक सांगा. परगावी गेलात, चार दिवस दुसऱ्या घरी राहिलात, तर खोकला कमी होतो का?"

धोंडुबाईनं रंभाकडे बघितलं. रंभानं तिच्याकडे बघितलं नाही. तिनं भिंतीवरच्या तक्त्यावर नजर लावली, जिथं माणसाची छाती उघडून आतली झाडासारखी नळ्यांची फांदी दाखवली होती.

"नाय गो बाय," म्हातारी म्हणाली. "तिकडं पन तेवराच येतो."

रंभाच्या अंगावरून मोरपीस फिरलं. म्हातारी खोटं बोलली होती. तिच्यासाठी बोलली होती, थोरल्या सुनेची मान परक्या बाईपुढे खाली होऊ नये म्हणून. रंभानं तोंड उघडायला हवं होतं. तिनं नुसता पदर सावरला. डॉक्टरनं पोटातल्या आम्लाच्या गोळ्या लिहून दिल्या, उशी उंच घ्या म्हणाली, फरक पडला नाही तर परत या म्हणाली.

येताना एसटीत रंभानं म्हातारीला खिडकीची जागा दिली, तिच्या मांडीवर हात ठेवला, आणि हमरापूरला उतरेपर्यंत ती कधी नव्हे इतकी सुखात होती.

गोळ्या संपल्या. फरक पडला नाही. वैशाख आला तसा कारखाना तापला. पलीकडे कंप्रेसर दिवसभर घरघरत होता, स्प्रेचा रंग हवेत तरंगत होता, सरूच्या जोडीला आणखी दोघी घासायला बसल्या होत्या. म्हातारी खाटेवर बसून खोकत होती. ओवीचं तर नावच नको. आता ती साधं 'पानी दे' म्हणायलाही दोनदा थांबायची.

एका दुपारी तिला अशी उबळ आली की संपेचना. एका हातानं तिनं बरगडी दाबून धरली, दुसऱ्या हातानं खाटेची कड. चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. रंभा रंगाचा ब्रश तसाच टाकून आत धावली. उबळ ओसरली तेव्हा म्हातारी मान खाली घालून बसली होती. लुगडं ओलं झालं होतं, खाटेवरची चादरही.

"रंभे," ती हळू म्हणाली, "दार लोट. बाप्या मानसांना दिसंल."

जिनं दोन मुलगे वाढवले, भातलावणीला बायांच्या पुढे चालली, जिच्या आवाजानं लग्नाचे मांडव उठून बसले, ती बाई लहान पोरीसारखी उभी राहिली आणि सुनेनं तिचं लुगडं सोडलं. रंभानं तिला पुसलं, कोरडं नेसवलं. चादर ओढून काढली. उशी उचलली. उशीच्या खाली, जिथं उशीनं झाकलं होतं तिथं, गादी निळी होती. बाकी सगळीकडे तिच्यावर पांढरा थर होता.

रंभानं ते पाहिलं आणि तरी पाहिलं नाही. जोह्यात पांढऱ्या धुळीला कुणी घाण म्हणत नाही. ती केसांत असते, भाकरीच्या पिठासारखी हातावर असते; ती असली की घरात काम आहे असं समजायचं.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. अनितेनं आवाज पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'ताई, आई मागच्या खेपेला आल्या होत्या तेव्हाचं सापडलं. किती गोड म्हणतात!'

रंभा ओट्याशी उभी राहून ऐकू लागली.

*वरशाच्या गच्चीवरी, वारा येतो मोकला गो*
*अनिताच्या दारी, माझा जीव झाला कोवला गो*

एका श्वासात. मध्ये ठसका नाही, खाकरणं नाही. ओवी सरळ, पाण्यावरून होडी जावी तशी गेली आणि शेवटच्या 'गो'वर हेलकावत थांबली.

अनिताच्या दारी. जीव कोवळा. तिनं परत लावलं. अनिताच्या दारी. परत लावलं. आपल्या जिभेवर आपणच मीठ चोळत बसावं तशी ती त्या दुसऱ्या ओळीपाशी बसली. दार तिचं, जीव माझ्या आईचा. कोवळा व्हायला तिला माझ्या दारी काय झालं होतं?

आतून खोकला आला. फोनमध्ये आई गात होती आणि खोलीत आई खोकत होती. रंभानं पुन्हा लावलं, पण या वेळी खोकल्यानं अनितेचं नाव बुडवलं आणि तिच्या कानात पहिलीच ओळ शिल्लक राहिली. वारा येतो मोकला.

ती थांबली.

तिच्या स्वतःच्या ओवीची पहिली ओळ काय होती? इतकी वर्षं ऐकली, आणि आता आठवायला वेळ लागला, कारण ती कधी ऐकलीच नव्हती. देव बसला आंधळा... पांढऱ्या धुळीत गो.

म्हातारी दोन्ही घरांचं सांगून मोकळी झाली होती. एका घरी मोकळा वारा, एका घरी पांढरी धूळ. आणि रंभा आपली नावं मोजत बसली होती.

ती आत गेली. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. खाटेच्या दांडीवरून, देवाच्या तसबिरीवरून, अडुळशाच्या वाटीच्या कडेवरून फिरवलं. मग बोटाकडे बघत राहिली.

"काय शोधतीस गो?" म्हातारीनं विचारलं.

"काय नाय." तिनं खिडकी लावून घेतली. पलीकडून कंप्रेसरची घरघर जराशी दूर गेली. "आई, तू डॉक्टरला खोटं का सांगितलंस?"

धोंडुबाईनं चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाली, "तुझं तोंड बघितलं मी. माज्याच्यानं खरं बोलवना."

दुसऱ्या दिवशी पेणच्या दवाखान्यात रंभा खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलली. वाट पाहिली असती तर जीभ परत फिरली असती हे तिला माहीत होतं.

"डॉक्टर, मागल्या वेळी चुकीचं सांगितलं. वरशाला, माझ्या जावेकडं, आई खोकत नाय. एकदा पन नाय. दही खाल्लं तरी नाय. माझ्याच घरी खोकते." एवढं बोलताना तिचे कान तापले. "खिडकी मीच पाडून घेतली, कारखान्याकडं. धूळ तिकडनं येते. रंगाचा वास पन."

डॉक्टर नमितानं ते कागदावर लिहून घेतलं. तिनं म्हातारीला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, आकडे बघितले, छाती पुन्हा ऐकली. मग म्हणाली, "श्वासाच्या नळ्या आवळतात त्यांच्या. बारीक धूळ, रंगाचा फवारा, त्यानं चिडतात. तोंडात ओढायचं औषध देते, ते रोज घ्यायचं. पण मुख्य औषध म्हणजे धुळीपासून लांब. आत्ता खिडकी लावून भागणार नाही, सीझन आहे तुमचा. गणपती होईपर्यंत वरशाला ठेवून बघा. तिथं उतार पडला, की आपली खात्री पटेल."

"पन मी तर धुळीतच बसते," रंभा म्हणाली. तिला निसटायला अजून एक फट हवी होती. "मला का नाय होत?"

"प्रत्येकाचा कुत्रा सारखा भुंकत नाही. तुमचा अजून गप्प आहे, एवढंच. तुम्हीपण तोंडाला मास्क लावून बसा. आणि घासणाऱ्या बायांनाही सांगा."

धोंडुबाई मध्येच म्हणाली, "म्हंजे मला हितनं तिथं टाकनार? मी काय साचा हाय?"

"आई," रंभा म्हणाली. पुढचे शब्द तिला एकेक उचलून ठेवावे लागले. "तू अनिताकडं जायचं. मी सांगते म्हणून जायचं."

रविवारी कमळाकरनं टेम्पो काढला नाही. त्यात मूर्ती भरलेल्या होत्या. दोघी पेणहून रोह्याच्या गाडीनं गेल्या. म्हातारी वाटेत दोनदा खोकली, मग झोपली, तिचं डोकं रंभाच्या खांद्यावर टेकलं. तेवढं स्टेशन उशिरा यावं असं रंभाला वाटत राहिलं.

वरशाला अनितेनं आधीच खोली लावून ठेवली होती. धुतलेली चादर, पाण्याचा तांब्या, खिडकीशी खुर्ची. बाहेर नुसती शेतं आणि त्यावरून येणारं वारं. दिनानाथ शिफ्टला गेला होता. म्हातारी खुर्चीत बसली, तिनं पाय पसरले, आणि अनिता लगेच तिच्या पाठीमागे उशी सारायला गेली. रंभाही गेली. दोघींचे हात एकाच उशीवर पडले. दोघींनीही काढले नाहीत.

"अगो, फाडशाल उशी," म्हातारी म्हणाली.

स्वयंपाकघरात चहा टाकताना अनिता पाठमोरी बोलली. "ताई, एक सांगू? राग नको धरू."

"बोल."

"त्या इथं खोकत नाहीत, खाऊन पिऊन असतात. पण चौथ्या दिवशी पिशवी भरतात. मी किती केलं तरी भरतात. म्हणतात, रंभाचं डोळं आखायचं राहिलं असंल. म्हणजे तिकडं खोकला आहे हे माहीत असून जातात." तिनं गॅस बारीक केला. "मला इतका राग यायचा तुझा. एवढं काय आहे त्या घरात, असं वाटायचं."

रंभानं तिच्या पाठीकडे बघितलं. एवढ्या वर्षांत ती अनितेकडे बघताना फक्त तिच्या घराकडे बघत आली होती. हिच्या घशातही तोच काटा होता, हे कधी मनात आलं नव्हतं.

"मग तो आवाज मला का पाठवलास?" रंभानं विचारलं.

अनिता वळली. तिचे गाल लाल झाले होते. "जळावंस म्हणून."

रंभाला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं. अनिताही हसली, चहा उतू गेला, आणि खोलीतून म्हातारीनं विचारलं, "काय झालं गो?"

"चा सांडला, आई," दोघी एकदम म्हणाल्या.

निघताना धोंडुबाईनं रंभाचा हात धरून ठेवला. "तू कवा येशील?"

"येईन. दर रविवारी येईन. पन तू पिशवी भरायची नाय. पिशवी भरलीस तर मी येनार नाय." तिनं अनितेकडे बोट केलं. "ओढायचं औषध ही देईल तसं घ्यायचं. हिचं ऐकायचं."

'हिचं ऐकायचं' म्हणताना छातीत दुखलं. दुखू दे, असं ती स्वतःला म्हणाली. तेवढं दुखणं तिला परवडत होतं.

अनिता जिन्यापर्यंत पोचवायला आली. "ताई, खोकल्या तर लगेच फोन करते."

"खोकली तर करच," रंभा दोन पायऱ्या उतरून थांबली. "पन नाय खोकली तरी कर."

"तेव्हा काय सांगू?"

"तेच सांग. आज नाय खोकली म्हनून सांग. मी जळंन थोडी. तू सांगायचं सोडू नको."